सरोवराकाठच्या जुन्या वस्तीत घर घ्यावे का?

प्रश्न : शहराच्या मध्यभागी, सरोवराच्या काठावर असलेल्या एका ऐतिहासिक वस्तीत आम्ही जुने घर घेण्याच्या विचारात आहोत. बाजार, वाचनालय, दवाखाना सारे पायी गाठता येते. निर्णयापूर्वी काय पाहावे?

उत्तर : पायी जगता येणे हे अशा वस्तीचे खरे वैभव आहे आणि मोटार उभी करण्याच्या अडचणीपेक्षा मी ते निःसंशय मोलाचे मानतो. तरीही ४०० मीटरचे, म्हणजे सुमारे ५ मिनिटांचे अंतर घरातील वृद्धांसह, चढ आणि पायऱ्या लक्षात घेऊन, एकदा रात्रीही चालून पाहावे.

अधिक काळजी ओलीची घ्यावी. जुन्या भिंतींतील चुना ओलावा शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, पृष्ठभागाखाली क्षार साचतात आणि विटा भुगा होऊन झडू लागतात. म्हणून जोत्यालगतचे पांढरे डाग, नुकताच दिलेला रंग आणि कुबट वास यांकडे दुर्लक्ष करू नये. पाया लाकडी खुंटांवर असेल, तर भूजलाची पातळी खाली जाणेही घातक ठरते, कारण पाण्यात बुडालेले लाकूड दीर्घकाळ टिकते, मात्र हवा लागताच कुजू लागते.

वारसा म्हणून संरक्षित घराच्या खिडक्या किंवा दर्शनी भाग बदलण्यास बहुधा परवानगी लागते. हे नियम आणि पूररेषेचा नकाशा इसार देण्यापूर्वीच पाहावा.