सुट्टीत काय वाचावं?

प्रश्न : मे महिन्यात पंधरा दिवस गावी जाणार आहे. वाचनाची सवय मोडली आहे. कादंबरी आणि आठवणींपर पुस्तकं सुचवाल का? मुलगा नववीत गेलाय, त्यालाही काही हवं आहे.

उत्तर : सवय मोडलेली असताना खंडांच्या ऐतिहासिक कादंबरीला हात घालू नका. सुरुवातीच्या वंशावळीतच बहुतेकांची दमछाक होते. आधी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) घ्या. धनगरवस्तीवर आलेल्या तरुण मास्तराची ही छोटी कादंबरी दोन दुपारींत संपते. शेवटाकडे दुष्काळ आहे, तेव्हा हलकंफुलकं समजून उघडू नका.

आठवणींत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पहिली. पती ना. वा. टिळकांचं धर्मांतर, सोवळंओवळं, उपासमार, सगळं त्या हसत सांगतात, आणि स्वतःची फजिती तर फारच खुलवून! संक्षिप्त आवृत्तीही मिळते. ती टाळा, कारण या पुस्तकाची गंमत पाल्हाळातच आहे. प्रकरणं सुटी वाचता येतात. रोज जेवणानंतर दोन-तीन पुरेत, सलग रेटलं तर माणसांची सरमिसळ होते.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (1939) परतीच्या प्रवासासाठी ठेवा. युरोपातून निघालेली बोट, मराठी नायक आणि जर्मन ज्यू हॅर्टा. आकाराने लहान, पण मधे सोडवत नाही.

मुलाला मिलिंद बोकिलांची 'शाळा' द्या. नायक नववीतलाच आहे, काळ आणीबाणीचा. पोरांची भाषा मोकळी आहे, म्हणून आधी तुम्ही चाळा. त्याने सिनेमा पाहिला असला तरी हरकत नाही.