‘तिला वाटलं, आपण चुकलो’ की ‘ती चुकली’?

निपाणीकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्या सखूबाई आणि सुमन या सासू-सुनेची कथा लिहितायत, दोघी तंबाखूच्या वखारीत कामाला जातात आणि कथेत कधी सासूच्या मनातलं येतं, कधी सुनेच्या. कथा वाचून दाखवली तर ऐकणारी मध्येच म्हणाली, “थांब, हे आता कोण म्हणतंय?” म्हणून त्यांचा प्रश्न, ‘सुमनला वाटलं, आपण चुकलो’ लिहायचं का ‘सुमनला वाटलं, ती चुकली’?

दोन्ही शुद्ध आहेत ताई, पण दोन्हीत वाचणारा वेगवेगळ्या जागी उभा असतो. ‘ती चुकली’ म्हटलं की बाहेरून कुणीतरी सांगतंय असं होतं, शिवाय ती म्हणजे सुमन का सासू हेही नक्की होत नाही. ‘आपण चुकलो’ म्हटलं की वाचणारा थेट सुमनच्या डोक्यात. आपलं ‘आपण’ हे ज्याच्या मनातून वाक्य आलंय त्याला धरतं, मधे दुसरा कर्ता आला तरी. ‘सुमनला वाटलं, सखूबाईंनी आपल्याला फसवलं’ यात फसली सुमन. ‘सखूबाईंनी स्वतःला फसवलं’ केलं की फसल्या सखूबाई. घोळ होतो तो ‘आपल्या’पाशी. ‘सुमनला वाटलं, सखूबाई आपल्या खोलीत गेल्या’, आता खोली कुणाची? दोन्ही अर्थ लागतात, तिथं सरळ ‘स्वतःच्या खोलीत’ लिहून मोकळं व्हावं.

मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शाळेच्या पुस्तकापर्यंत हे ‘आपण’ आत्मवाचक सर्वनामात धरलंय, आणि शाळेत एक नियमही शिकवतात की आत्मवाचक आपण वाक्याच्या सुरुवातीला येत नाही. कथेत मात्र तो नियम सर्रास मोडतो, आणि मोडतो तेच मला फार आवडतं, कारण ‘तिला वाटलं’ हे गाळून नुसतं ‘आपण कशाला बोलायचं?’ लिहिता येतं आणि मन उघडं पडतं. पण असं सुटं ‘आपण’ आलं की वाचणारा ते आधी ज्याच्या मनात होता त्यालाच चिकटवतो. तुमचा गोंधळ इथंच होत असणार. हे बघा, यात आत्ती म्हणजे सुमनची सासू:

“आत्तींनी ताट सरकवलं. सुमनला कळलं, त्यांचा राग अजून गेलेला नाही. आपण तरी किती वेळा समजवायचं? पोरगी तोंडाळ आहे, पण कामाला वाघ आहे.”

तिसरं वाक्य सुमनचं म्हणून वाचलं जातं, चौथ्यात ‘पोरगी’ आलं की कळतं अरे हे तर सासूचं, मग वाचणारा मागं फिरतो. आता असं करा:

“सुमन ताट घेऊन मोरीवर गेली. सखूबाई तिच्या पाठीकडं बघत बसल्या. आपण तरी किती वेळा समजवायचं? पोरगी तोंडाळ आहे, पण कामाला वाघ आहे.”

पहिली दोनच वाक्यं बदलली, त्यातलं दुसरं सखूबाईंच्या नजरेचं, नावासकट. आणि ‘आत्ती’ गेलं, ते महत्त्वाचं. आत्ती हा सुनेच्या तोंडचा शब्द, कुठली सासू मनातल्या मनात स्वतःला आत्ती म्हणेल? ‘मोरीवर गेली’ पण मुद्दाम आहे, ‘मोरीवर आली’ लिहिलं असतं तर वाचणारा सुमनबरोबर मोरीवर जाऊन उभा राहिला असता.

अजून एक, ‘आपलंच चुकलं म्हणून तिला वाटलं’ ही आपल्याकडची बोलायची पद्धत मला गोड वाटते, पण तिच्यात विचार आधी येतो आणि तो कुणाचा हे मागाहून कळतं. मन बदलायच्या जागी ती नको, बाकी ठिकाणी खुशाल वापरा.

आपल्या सीमाभागात कानावर कन्नड असतंच म्हणून सांगतो, कन्नडमध्ये या मनातल्या ‘आपण’साठी ‘तानु’ आहे, ‘आपण सगळे’साठी ‘नावु’ आणि आदरानं समोरच्याला म्हणायचं तर ‘तावु’. मराठीत तिन्ही कामं एकटं ‘आपण’ करतं. त्यामुळं दोघी समोरासमोर बसल्यात आणि सुमनच्या मनात ‘आपण जायला नको होतं’ आलं, तर दोघींनी का एकटीनं, कळत नाही. ‘आपण एकटीनं जायला नको होतं’ केलं की मिटलं.

काही जण सुचवतील की भांडण नको, एक भाग सासूच्या ‘मी’त आणि एक भाग सुनेच्या ‘मी’त लिहा. चालेल की, पण बघा, प्रमाण मराठीत ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यावरून निदान पुरुष बोलतोय का बाई ते कळतं. सासू-सुनेत त्याचा तसाही उपयोग नाही, आणि आपल्याकडच्या बायका तर ‘मी गेलो’, ‘मी येतो’च म्हणतात, म्हणजे उद्या नवऱ्याचा ‘मी’ आणला तर तोही क्रियापदावरून वेगळा पडणार नाही. तिथं ओळख पटवायची ती हाक मारायच्या शब्दांनी, आत्ती, पोरी, अहो, आणि पहिल्या दोन ओळींतच. त्यासाठी कुणी तुम्हाला सुमनचं ‘जातो’ बदलून ‘जाते’ करायला सांगितलं तर करू नका. “वखारीला जातो आत्ती, भाकरी झाकून ठेवलोय,” हे तिच्या तोंडी असंच राहू दे.