नात सोलापूरला येते आहे, पण जुन्या पासपोर्टवर नको

प्रश्न : माझा मुलगा आणि सून अमेरिकेत न्यू जर्सीत राहतात. मुलाने २०१८ मध्ये तिथले नागरिकत्व घेतले; सुनेचा पासपोर्ट भारतीयच आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत, न्यायालयाच्या आदेशाने, महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून तीन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. तेव्हा मी आजारी होतो, म्हणून ते तिला सोलापूरला न आणता मुंबईहूनच परत गेले. आता ती सात वर्षांची आहे आणि येत्या गड्डा यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, पहिल्यांदाच घरी येणार आहे. तिचा भारतीय पासपोर्ट फेब्रुवारी २०२७ पर्यंत चालतो, मग व्हिसा कशाला, असे पुतण्या म्हणतो. होम, दत्तकविधान काहीच झालेले नसल्याने ती कायद्याने आपल्या घराण्यातली होत नाही, तेव्हा ती आली की दत्तकपत्र करून घ्या, असाही त्याचा आग्रह आहे. मोहोळ तालुक्यातली माझी साडेतीन एकर जमीन मला तिला बक्षीस द्यायची आहे. पत्नीला तिची आणि तिच्या जन्मदात्रीची भेट घडवून आणायची आहे. आम्ही काय करावे? (एक आजोबा, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : आपण पत्रासोबत पासपोर्टच्या सर्व पानांच्या छायाप्रती पाठवल्या हे फार बरे केले, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातल्याच एका पानावर आहे. पहिल्या पानावर केस अगदी बारीक कापलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो आहे. पुढच्या एका पानावर अमेरिकेचा स्थलांतरितांचा व्हिसा आहे आणि त्याच्या वर्गापुढे ‘आयएच-३’ असे छापलेले आहे. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाविषयीच्या हेग करारानुसार, मुलाच्या मायदेशातच ज्याचे दत्तक पूर्ण झाले आहे अशा मुलाला हा व्हिसा मिळतो. अमेरिकेचा बाल नागरिकत्व कायदा २००० सालचा असून तो २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. त्यानुसार असे अठरा वर्षांखालील मूल, आई किंवा वडील यांपैकी एक जण अमेरिकन नागरिक असेल आणि ते त्या पालकाच्या ताब्यात राहण्यासाठी येत असेल, तर त्या देशात दाखल होताच आपोआप नागरिक होते, त्यासाठी वेगळा अर्जही लागत नाही. आपला मुलगा २०१८ पासून नागरिक आहे. म्हणजे ज्या दिवशी ही मुलगी तिथे उतरली, त्याच दिवशी ती अमेरिकन झाली.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ मध्ये स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते असे म्हटले आहे, आणि अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या बाबतीत ‘स्वेच्छेने’ या शब्दावर वकील पुष्कळ वाद घालू शकतील. परंतु तो वाद विमानतळाच्या काउंटरपाशी एका सात वर्षांच्या मुलीला ताटकळत ठेवून घालायचा नाही. परदेशी नागरिकत्व मिळाल्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणे हा पासपोर्ट कायद्याखालील गुन्हा समजला जातो, त्यावरची मुदत २०२७ पर्यंत असो वा आणखी पुढची. शिवाय अमेरिकन नागरिकाने त्या देशातून बाहेर पडताना आणि परत येताना अमेरिकन पासपोर्टच वापरावा, असा तिथलाही कायदा आहे. पुतण्याचा सल्ला आपला खर्च वाचावा म्हणून दिलेला असेल, पण तो मानू नये.

मुलाला आजच फोन करून सांगावे की मुलीचा अमेरिकन पासपोर्ट काढला नसेल तर आधी तो काढावा, आणि मग भारतीय वकिलातीच्या सेवा केंद्रामार्फत तिच्या नागरिकत्व त्यागाचा अर्ज करून जुना पासपोर्ट जमा करावा. तो रद्दचा शिक्का मारून परत मिळाला की जपून ठेवावा, कारण ओसीआय कार्डासाठी (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ प्रमाणे पूर्वी भारताची नागरिक असलेली व्यक्ती ओसीआयला पात्र असते. मला ही गोष्ट मोलाची वाटते, कारण आपल्या नातीला या कार्डासाठी वडिलांच्या मूळ भारतीय असण्याचाही आधार घ्यावा लागत नाही. ती स्वतःच्या हक्काने पात्र आहे. कार्ड मिळाले की तिला आयुष्यभर व्हिसाची गरज उरणार नाही. गड्ड्यापर्यंत कार्ड हातात पडले नाही, तर जुना पासपोर्ट जमा केल्याचा दाखला घेऊन अमेरिकन पासपोर्टवर ई-टुरिस्ट व्हिसा काढता येतो, आणि नातेवाइकांना भेटणे हा त्या व्हिसाचा मान्य हेतू आहे. ती व्हिसावर आली, तर परदेशी पाहुण्यांची जी ऑनलाइन नोंद ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाते, ती नात घरी पोचल्यापासून २४ तासांत आपण करून टाकावी. ही नोंद फक्त हॉटेलवाल्यांनी करायची असते, हा समज चुकीचा आहे.

सून मुलीला घेऊन आधी येणार आणि मुलगा मागून येणार असेल, तर त्याचे नोटरी केलेले संमतीपत्र सुनेजवळ असू द्यावे. दत्तक आदेशाची प्रमाणित प्रत आणि ‘कारा’ने हेग कराराच्या अनुच्छेद २३ खाली दिलेले प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे, सामानाच्या बॅगेत नव्हे.

आता दत्तकविधानाविषयी. पुतण्याच्या मनात १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे. त्या कायद्यात मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याला महत्त्व आहे, होम मात्र तिथेही सक्तीचा नाही. आपल्या नातीचे दत्तक त्या कायद्याखाली झालेलेच नाही. ते बालन्याय कायदा २०१५ खाली झाले आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे आदेश लागू झाल्याच्या तारखेपासून ती आपल्या मुला-सुनेच्या पोटी जन्मल्यासारखीच त्यांची मुलगी आहे, वारसाहक्कासह सर्व बाबतींत. (१ सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, म्हणून ओळखीच्या कोणाच्या आदेशावर वेगळी सही दिसली तर गोंधळून जाऊ नये.) आता नव्याने दत्तकपत्र करणे हे निरुपयोगी तर आहेच, शिवाय घातकही आहे. ज्या मुलाला आधीच दत्तक घेतले गेले आहे त्याला पुन्हा दत्तक घेता येत नाही, असे १९५६ च्या कायद्याचे कलम १० स्पष्ट सांगते. आणि २०२२ चा न्यायालयीन आदेश असताना नव्या तारखेचा दुसरा कागद तयार झाला, तर उद्या कोणीही तो पुढे करून मूळ आदेशाविषयी शंका काढेल. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकावा, औक्षण करावे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला तिला खांद्यावर घेऊन उभे राहावे. स्टॅम्पपेपर मात्र आणू नये.

जमिनीबाबत आपल्या मनासारखे करता येईल, पण बक्षीसपत्राने नाही. परकीय चलनविषयक नियमांनुसार परदेशी नागरिकाला, ओसीआय कार्ड असले तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही. वारशाने मात्र ती मिळू शकते. हा नियम सर्व परदेशी नागरिकांना लागू आहे, तिच्या दत्तक असण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे आपण मृत्युपत्र करावे, त्यात सातबाऱ्याप्रमाणे गट क्रमांक लिहावा, आणि नातीचे नाव तिच्या अमेरिकन पासपोर्टवर आहे तसेच, ‘माझ्या मुलाची मुलगी’ असे नाते सांगून लिहावे. ‘दत्तक’ हा शब्द घालण्याचे कारण नाही. जमीन आपली स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, हे आपण कळवलेले नाही. वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्राने फक्त आपला हिस्सा देता येईल, म्हणून मसुद्यापूर्वी फेरफाराचे जुने उतारे एखाद्या वकिलाला दाखवून घ्यावेत.

शेवटचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने सोपा आहे, पण मी त्यावर सर्वांत जास्त विचार केला. आपल्या पत्नीच्या पत्रातले वाक्य मी दोनदा वाचले : ‘तिला एकदा सांगायचंय, पोर सुखात आहे.’ या इच्छेत खोट काढण्यासारखे काहीही नाही. तरीही मी त्यांना हात जोडून सांगतो की कोणाकडेही चौकशी करू नये. मूल संस्थेच्या स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि त्यानंतर बालकल्याण समिती ते मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करते. या सगळ्यात त्या बाईला गुप्ततेचे वचन दिलेले असते. आज तिचा संसार असेल, घरात कोणाला काही ठाऊक नसेल, आणि ओळखीच्या माणसाने गावात विचारलेला एक साधा प्रश्नसुद्धा तिचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकेल. म्हणूनच दत्तक नियमावलीत त्रयस्थाने केलेल्या मूळशोधाला, म्हणजे जन्मदात्यांच्या शोधाला, परवानगी नाही, आणि या शोधाच्या बाबतीत आजी-आजोबाही त्रयस्थच ठरतात. शोधाचा हक्क मुलीचा आहे. अठरा वर्षांनंतर ती स्वतः ‘कारा’कडे अर्ज करू शकेल, त्याआधी आईवडिलांसह, आणि तेव्हाही जन्मदात्रीच्या खासगीपणाला धक्का लागणार नाही इतकेच तिला सांगितले जाईल.

याच कारणासाठी दत्तक आदेशाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. तो टाकलेला असल्यास आजच काढून टाकावा.

नातीला घेऊन तिच्या संस्थेत जावे आणि तिथल्या मुलांना पेढे वाटावेत, ही आपल्या पत्नीने पत्रात लिहिलेली इच्छा मात्र पूर्ण होऊ शकते. त्यासाठी मुलाने ज्या अमेरिकन संस्थेमार्फत दत्तक घेतले तिच्याकडून आधी पत्र पाठवावे आणि भेटीचा दिवस ठरवून घ्यावा. तिथे जायचे की नाही हे सुनेने मुलीला विचारावे, आणि ती नको म्हणाली तर पेढे आजीने एकटीने जाऊन वाटावेत.