लॅपटॉपवरचा ‘आय७’ नव्हे, त्यापुढचं अक्षर वाचा

पत्र: माझ्या मुलीने बारावीनंतर म्युझिक प्रॉडक्शन आणि साउंड इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. संस्थेने स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगितलंय. घरच्या जुन्या संगणकावर दहा-बारा ट्रॅक झाले की आवाज तडतडायला लागतो. मी दोन लॅपटॉप पाहून ठेवलेत. एकात कोअर आय७-१३५५यू आहे, दुसऱ्यात कोअर आय५-१३५००एच. रॅम दोन्हीत १६ जीबी. आय७ वरचा म्हणून तोच घ्यावा असं मला वाटतं. मुलगी मॅकबुकचा हट्ट धरून बसली आहे. काय घ्यावं? आणि मशीन कमी पडलं म्हणून पुढे कामात ती मागे राहील का? – एक पालक

सप्रेम नमस्कार,

तुम्ही पाहिलेल्या दोन लॅपटॉपमध्ये निवड करायची तर आय५-१३५००एच घ्या. हे उलटं वाटेल, म्हणून कारण नीट सांगतो. तेच कारण मॅकबुकच्या प्रश्नालाही लागू पडतं.

संगीताचं सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे-छोटे तुकडे करून प्रोसेसरकडे देतं. एका तुकड्यात किती सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं), याला बफर म्हणतात. ४८,००० हर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) बफर १२८ ठेवला तर एक तुकडा २.७ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक (गाण्यातले आवाजाचे वेगवेगळे थर), सगळे प्लगइन (आवाज तयार करणारी किंवा बदलणारी जोड-सॉफ्टवेअर) यांचं गणित संपलंच पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी तिथे आवाजात खाच पडते. तुमच्या घरी ऐकू येणारी तडतड बहुतेक हीच. व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसर क्षणभर मंदावला तर काम थोडं लांबतं, इतकंच. इथे मात्र सरासरी वेगाचा उपयोग नाही, प्रत्येक तुकडा वेळेत सुटावा लागतो. म्हणूनच विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर तीस टक्के दाखवत असतानाही आवाज फुटू शकतो. सॉफ्टवेअरच्या आतला ऑडिओ लोडचा मीटर पाहायची सवय तिला लावा, खरं चित्र तिथे दिसतं.

दुसरी गोष्ट कोअरची, म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या भागांची. एका ट्रॅकवर इक्वलायझर, मग कम्प्रेसर, मग रिव्हर्ब असे प्लगइन लावले की पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. ही साखळी सहसा एकाच कोअरवर चालते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात, पण शेवटी सगळे मास्टर ट्रॅकवर येतात आणि तिथली साखळी पुन्हा एका रांगेत. त्यामुळे आधी एका कोअरचा वेग पाहायचा आणि मग असे वेगवान कोअर किती आहेत ते मोजायचं.

आता तुमचे दोन प्रोसेसर. आय७-१३५५यू मध्ये दहा कोअर आहेत, पण त्यातले वेगवान फक्त दोन. बाकीचे आठ वीज वाचवणारे. आय५-१३५००एच मध्ये वेगवान चार आणि वीज वाचवणारे आठ. कमाल वेग कागदावर आय७ चा ५ गिगाहर्ट्झ आणि आय५ चा ४.७, म्हणजे तिथे आय७ पुढे दिसतो. पण ‘यू’ अक्षराच्या चिपची मूळ वीजमर्यादा १५ वॅट असते, ‘एच’ची ४५ वॅट. कमाल वेग हा थोड्या वेळापुरता, एखाद-दुसऱ्या कोअरचा आकडा असतो. तासभर मिक्सिंग चाललं आणि सगळे कोअर कामाला लागले की ‘यू’ चिप खाली उतरते. जड साखळीचा ट्रॅक हळू कोअरवर गेला तर तडतड आलीच.

एएमडीच्या रायझनमध्येही नाव फसवतं. ७००० मालिकेच्या लॅपटॉप चिपमध्ये तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. ७८४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४, ७७३०यू मधला ३ म्हणजे झेन ३ आणि ७५२०यू मधला २ म्हणजे आणखी जुनी झेन २. तिन्हींची सुरुवात ७ ने होते म्हणून तिन्ही सारख्या नव्या, असं नाही. ७८४०एचएस चे आठही कोअर एकाच वेगवान जातीचे आहेत. तो मिळाला तर तुमच्या दोन्ही पर्यायांपेक्षा मी तो सुचवेन.

मुलीचा हट्ट अवाजवी नाही. ॲपलच्या एम मालिकेत, म्हणजे नोव्हेंबर २०२० च्या एम१ पासूनच, एका कोअरचा वेग उत्तम आहे आणि बॅटरीवरही तो जवळपास तसाच राहतो. विंडोज लॅपटॉप चार्जर काढला की बऱ्याचदा मंदावतात. मॅकमध्ये ऑडिओची व्यवस्था प्रणालीतच असल्यामुळे ड्रायव्हरची (जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) कटकटही कमी. पण इथेही कोअरची एकूण संख्या पाहून हुरळू नका. बारा कोअरच्या एम२ प्रो मध्ये आठ वेगवान आणि चार हळू होते. बारा कोअरच्याच एम३ प्रो मध्ये सहा-सहा झाले. मॅकबुक एअरला पंखा नाही, त्यामुळे माइकसमोर गाताना खोली शांत राहते, मात्र लांबलचक जड कामात तो तापून वेग कमी करतो. शिकण्याच्या वर्षांत हे फारसं नडत नाही.

निर्णय मात्र संस्थेकडून येऊ द्या. अभ्यासक्रम ॲपलच्या लॉजिक प्रो या संगीताच्या सॉफ्टवेअरवर असेल तर लॅपटॉपपैकी ते फक्त मॅकवर चालतं, विषय संपला. प्रो टूल्स, एबलटन लाइव्ह, क्युबेस दोन्हीकडे चालतात. गेमसाठी ध्वनी करायची ओढ असेल तर विंडोज सोयीचं पडतं. स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप घेताना जपून. त्यावर जुनी सॉफ्टवेअर रूपांतर करून चालवता येतात, पण ऑडिओ इंटरफेसचा (माइक, वाद्यं लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचा) ड्रायव्हर त्याच चिपसाठी बनवलेला लागतो. तो नसेल तर इंटरफेसच्या खास सोयींवर आणि कमी बफरवर पाणी सोडावं लागतं.

विंडोज घेतलात तर चांगला प्रोसेसर असूनही आवाज तुटण्याचं एक नेहमीचं कारण ठाऊक असू द्या: वाय-फाय, बॅटरी किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवलं की दोषी ड्रायव्हरचं नाव दिसतं. वाय-फाय बंद करून पुन्हा तपासायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड संगीताला जवळपास निरुपयोगी आहे. त्यावर खर्च करण्यापेक्षा रॅम वाढवा. पहिल्या वर्षाला १६ जीबी पुरेल, पण वाद्यवृंदाच्या सॅम्पल लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या आवाजांचे संग्रह) वापरून पार्श्वसंगीत करायचं तर ३२ लागते. मॅकमध्ये आणि बऱ्याच पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून हा प्रश्न आधीच सोडवा.

चाचणी घेण्याची संधी मिळाली तर ती अशी घ्या. मुलीचा सगळ्यांत जड प्रोजेक्ट, तिचाच इंटरफेस, ४८,००० हर्ट्झ, बफर १२८. रिव्हर्ब लावलेला एक ट्रॅक कॉपी करत जायचं आणि आवाज फुटला की संख्या लिहून ठेवायची. मग दोन-तीन ट्रॅक कमी करून वीस मिनिटं गाणं वाजत ठेवायचं. तापल्यावर पुन्हा फुटलं तर खरी मर्यादा त्याहून खाली आहे. दोन्ही लॅपटॉपवर सॉफ्टवेअरची आवृत्ती एकच हवी. रीपर हे संगीताचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून पाहता येतं, त्यामुळे तुलनेला ते बरं. सिनेबेंचसारखे आकडे ढोबळ अंदाजाला ठीक, पण ती चित्र रेंडर करण्याची चाचणी आहे, तिथे मिलिसेकंदांची अट नसते.

मशीनमुळे ती मागे पडेल का, हा तुमचा खरा प्रश्न. नाही पडणार, पण भार सांभाळायला तिला शिकावं लागेल. तोही या धंद्यातला भागच आहे. गाणं रेकॉर्ड करताना बफर ६४ किंवा १२८, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत नाही. मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४, म्हणजे प्रोसेसरला प्रत्येक तुकड्यासाठी जास्त वेळ मिळतो. जड सिंथेसायझरचा ट्रॅक पक्का झाला की फ्रीझ करायचा, सॉफ्टवेअर त्याची ऑडिओ फाइल करतं आणि प्रोसेसर मोकळा होतो. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब लावण्याऐवजी एकच सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा आवाज पाठवता येईल अशा सामायिक वाटेवर, ठेवायचा. गरज नसताना ९६,००० हर्ट्झवर काम केलं तर भार सरळ दुप्पट होतो. संवाद-संपादन आणि पॉडकास्टचं काम मिळालं तर हाच आय५ पुरून उरेल. मोठ्या पार्श्वसंगीताकडे वळली तर तीन-चार वर्षांनी मोठं मशीन लागेल, पण तोवर कामाची दिशा ठरलेली असेल.

स्टुडिओत काम देताना तिचे प्लगइन समोरच्याकडे असतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू होणारी २४ बिटची ऑडिओ फाइल म्हणून काढून ठेवायची शिस्त आत्ताच लागू दे. जुन्या संगणकावरचे तिचे प्रोजेक्टही नव्यावर नेण्याआधी असेच काढून घ्या, नाहीतर एखादा जुना प्लगइन नव्या मशीनवर चालणार नाही आणि तो आवाज परत मिळणार नाही. नवा लॅपटॉप आला की आधी इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाका. अभ्यासक्रमाचं सत्र चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती मात्र बदलू देऊ नका.