वाचक विचारतात: कोणता ऐतिहासिक पिक्चर बघू?

गेल्या महिन्यात युद्धाच्या आणि इतिहासाच्या सिनेमांबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली चार घेते. एक आधीच सांगून ठेवते, मी पिक्चर कशावरून जोखते ते. लढाई संपल्यावर मला कळलं पाहिजे की कोण कुठे उभं होतं, मधे नदी होती की डोंगर, वारा कुठून होता, अंतर किती होतं. हे कळलं नाही तर कितीही तलवारी चमकल्या तरी माझ्या डोक्यात काही राहत नाही.

मे महिन्यात नातवंडं मुंबईहून येतात, एक नऊ वर्षांचा आणि एक तेरा वर्षांची. शिवाजी महाराजांवरचे कोणते पिक्चर दाखवू? मुलं ‘छावा’ मागतायत. (एक आजोबा, गुहागर)

काका, सुरुवात ‘पावनखिंड’नी करा. 1660 चा पन्हाळ्याचा वेढा, जुलैचा मुसळधार पाऊस, रात्री चिखलातून पालखी घेऊन निघालेले मावळे, आणि मागे घोडखिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू. पिक्चर लावायच्या आधी अंगणात खडूनी एक पन्हाळा काढा, एक विशाळगड काढा, मधे खिंडीसाठी दोन दगड ठेवा आणि मुलांना सांगा की हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे आणि ते लोक एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात तुडवत गेले, पावसात, तेही डोंगरातून. मग बघा मुलं कशी बघतात ते. जी पोरं गुहागरच्या चढावर दमतात त्यांना बाजीप्रभू समजायला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यानंतर ‘फर्जंद’ दाखवा, कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसं घेऊन 1673 ला पन्हाळा परत घेतला त्याची गोष्ट आहे, मुलांना योजना आखण्याचा भाग फार आवडतो.

‘छावा’ मात्र नऊ वर्षांच्याला नको. शेवटचे हाल बघणं मोठ्यांनाही जड जातं. तेरा वर्षांचीला दाखवायचा असेल तर शेजारी बसून दाखवा, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी तिला संगमेश्वरला घेऊन जा. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज आणि कवी कलश तिथेच पकडले गेले. शास्त्री आणि सोनवीचा संगम, चहूकडे डोंगर, दाट झाडी, आणि अशा जागी औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून अचानक येतो. मी पिक्चर आधी बघितला आणि संगमेश्वरच्या कसब्याला नंतर गेले, आणि तिथे उभं राहिल्यावर पोटात खड्डा पडला, कारण महाराजांचे सरदार म्हाळोजी घोरपडे मूठभर माणसांनिशी का लढत राहिले आणि बाहेरची मदत वेळेत का पोचली नसेल हे जागेवरच उमगलं.

आमची बोट जून-जुलै बंद असता. तेवा बघूक समुद्रावरच्या लढाईचे चांगले पिक्चर सांगा. खंयचो पयलो बघूचो? (एक मच्छीमार, मालवण)

दादा, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते असं समजा. मासेमारी बंदीचे एकसष्ट दिवस तुमच्या हातात आहेत, म्हणजे वेळ भरपूर आहे.

पयलो बघूचो तो ‘मास्टर अँड कमांडर’, 2003 चा, पीटर वेअरचा. साल 1805, इंग्रजांचं एक शिडाचं जहाज आणि त्याच्याहून मोठं, मजबूत फ्रेंच जहाज, एवढीच गोष्ट. पण त्यात शीड कधी उतरवायचं, धुक्यात शत्रू कसा अंगावर येतो, तोफ लागल्यावर फळकुटांच्या कपच्याच माणसांना कशा मारतात, सगळं दिसतं. एक प्रसंग तुम्हाला झोपू देणार नाही. वादळात डोलकाठी मोडून पाण्यात पडते, तिच्याबरोबर एक खलाशीही पडतो, दोर अजून जहाजाला बांधलेले आहेत आणि ती काठी नांगरासारखी जहाजाला ओढून बुडवायला निघालीय, आणि तो माणूस पोहत तिच्याकडेच येतोय. दोर कापायचे की नाही? कापायला कुऱ्हाड घेणाऱ्यांत त्याचा दोस्तही आहे. ज्यानी उधाणात बोट सांभाळलीय त्यालाच हा प्रसंग पूर्ण कळेल, आम्ही किनाऱ्यावरची माणसं नुसती रडतो.

मग ‘दास बूट’, 1981 चा जर्मन पिक्चर, दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीवरचा. ही माणसं हिटलरच्या बाजूची आहेत हे विसरायचं नाही, तरी बघायचा. आत चालायला जागा नाही, नटांना फिकट दिसावं म्हणून शूटिंगच्या काळात उन्हात जाऊ दिलं नव्हतं. वरून पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकणारी शत्रूची बोट फिरतेय आणि खाली सगळे श्वास धरून नुसते ऐकतायत, पिक्चरचा बराचसा वेळ असाच, ऐकण्यात जातो. शक्यतो पावसाळ्यात रात्री बघा, आवाज मोठा ठेवून.

‘डंकर्क’ही चुकवू नका. 1940 साली जर्मनांनी फ्रान्सच्या डंकर्कला समुद्राकडे ढकललेल्या साडेतीन लाखांच्या आसपास इंग्रज, फ्रेंच वगैरे सैनिकांना तिथून काढलं. किनारा उथळ, मोठी जहाजं जवळ येऊ शकत नव्हती, म्हणून लोकांच्या छोट्या बोटीही कामाला लावल्या. हे आपल्याला समजावून सांगायला नको, पूर्वी मुंबईची आगबोट हर्णैला आली की बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. किनाऱ्यावरचा आठवडा, बोटीवरचा एक दिवस आणि विमानातला एक तास असे तीन काळ त्यात एकमेकांत गुंफलेत, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होईल, दुसऱ्यांदा लावा.

आपल्याकडचा ‘द गाझी अटॅक’ एकदा बघण्यासारखा आहे. फक्त त्यातली आपल्या पाणबुडीची लढाई कथेसाठी रचलेली आहे हे लक्षात ठेवा. 1971 च्या डिसेंबरात पाकिस्तानची गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली हे खरं, पण आपलं नौदल त्याचं श्रेय ‘राजपूत’ या जहाजाला देतं आणि पाकिस्तान म्हणतं की आतल्याच स्फोटानी बुडाली.

माझा भाऊ फौजेत आहे, त्यामुळे गोळीबार सुरू झाला की मी उठून आत जाते. पण युद्ध समजून घ्यायचंय. असे पिक्चर आहेत का? (एक वाचक, चिपळूण)

ताई, उठून आत जाण्यात काही चूक नाही. तुमच्यासाठी ‘शतरंज के खिलाडी’, सत्यजित राय, 1977. इंग्रज अवध गिळतायत, साल 1856, आणि लखनौचे दोन सरदार बुद्धिबळाच्या पटावरून उठायला तयार नाहीत. एकही लढाई दिसत नाही, तरी एक राज्य जाताना दिसतं. रत्नागिरीला थिबा पॅलेस बघितलाय का तुम्ही? 1885 ला इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, राजाला उचलून इथे आणून ठेवलं आणि 1916 ला तो इथेच गेला. तो वाडा आणि हा पिक्चर माझ्या मनात कायम एकत्र येतात.

दुसरा ‘हकीकत’, 1964 चा, चीनच्या युद्धावरचा. यात गोळीबार आहे, पण जास्त आहे ती लडाखची थंडी आणि घरच्यांची आठवण. भाऊ सुट्टीवर घरी असेल तेव्हा त्याच्याबरोबर बघा, एकटीनी नको.

पिक्चरमधलं खरं किती मानायचं? आणि आपल्या कान्होजी आंग्र्यांवर पिक्चर का नाही? (एक वाचक, अलिबाग)

पहिल्याचं उत्तर छोटं. माणसं आणि निकाल साधारण खरे असतात, मधलं बरंच रचलेलं. ‘तान्हाजी’त ती अवाढव्य नागीण तोफ आहे ना, ती सिनेमाची. तानाजींचं खरेपण बघायचं तर पोलादपूरजवळ उमरठ्याला त्यांची समाधी आहे, तिथे जा.

दुसऱ्या प्रश्नानी माझाही जीव जळतो. मी छातीठोकपणे सुचवावा असा कान्होजींवरचा एकही पिक्चर नाही. पाण्यावर शूटिंग महाग पडतं, ‘मास्टर अँड कमांडर’वाल्यांनीही बरंच काम मेक्सिकोतल्या मोठ्या टाकीत केलं. पण विषय काय आहे बघा ना! कान्होजींच्याही आधी, शिवाजी महाराजांच्या काळात, 1679 ला खांदेरी किल्ला बांधताना इंग्रज आणि सिद्दी दोघं अंगावर आले, वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी अडकायची आणि मायनाक भंडाऱ्यांच्या वल्ह्यांच्या छोट्या होड्या रात्री सामान पोचवून यायच्या. मग कान्होजींच्या काळात, 1721 ला, इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परत गेले. हे कोणीतरी नीट, भरती-ओहोटीसकट दाखवायला हवं.

तोवर तुम्ही एक करा. समुद्रातली लढाई डोक्यात ताजी असताना ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जा, तटावर बसून पाणी कुठून कसं चढतं ते बघा, तोफ कुठे ठेवली असती ते स्वतःच ठरवा. निघायच्या आधी किनाऱ्यावरच्या कोणालाही पाण्याची वेळ विचारून घ्या आणि भरती लागायच्या आत परत फिरा.