‘ती स्वतःच जाड आहे, ती मला काय बारीक करणार?’

परभणीहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४३, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे, मुलगी लातूरला नीटची तयारी करतेय. गेल्या वर्षी शुगर निघाली. एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी, ७.६, सोबत गुडघेदुखी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पण वजन उतरवा आणि अंगात ताकद आणा. मे महिन्यात ताईंची ६०,००० रुपयांची आवर्ती ठेव सुटतेय आणि त्यातून पर्सनल ट्रेनर लावायचा त्यांचा विचार आहे.

समोर दोघं आहेत. एक शहरातल्या मोठ्या जिमचा तरुण. शरीरसौष्ठव स्पर्धेत बक्षीस मिळवलेला, जिमच्या भिंतीवर त्याचाच मोठा फोटो. सहा महिन्यांचं पॅकेज ४८,००० रुपये, आठवड्याला सहा दिवस, सगळे पैसे आधी. वर महिन्याला ४,५०० ची पावडर. दुसऱ्या एक पंचेचाळिशीच्या बाई. दोन खोल्यांच्या हॉलमध्ये बायकांची सकाळची बॅच घेतात, एकेकटीलाही शिकवतात, तासाला ५०० रुपये. ताई लिहितात, ‘बाई बोलायला चांगल्या आहेत, पण खरं सांगू का, ती स्वतःच जाड आहे, ती मला काय बारीक करणार? पैसे घालायचेच तर चांगल्या ठिकाणी घालावेत असं वाटतं.’

ताई, माझं मत आधीच सांगून टाकतो. बाईंकडे जा. पण का, ते नीट वाचा, कारण उद्या बाईंनी वर्ग बंद केला आणि तिसरा कुणी शोधायची वेळ आली, तर हीच पारख पुन्हा लागेल.

आधी हिशेब. तासाचा भाव काढला तर तो तरुण स्वस्त पडतो, हे मान्य करायला हवं. आठवड्याला सहा दिवस, २६ आठवडे, म्हणजे १५६ तास. ४८,००० भागिले १५६ म्हणजे तासाला साधारण ३०८ रुपये. बाईंचे ५००. कागदावर कुणीही पहिलाच निवडेल. पण तुमचं वर्षाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये शाळा सुरू होते, प्रवेश, पाठ्यपुस्तकांचं वाटप, मध्येच प्रशिक्षण, कधी निवडणुकीचं काम. महिन्या-दोन महिन्यांतून लातूरची चक्कर. त्यात पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी. १५६ पैकी ८० तास जरी पदरात पडले तरी मी तुमचं कौतुक करीन, आणि तेव्हा तोच तास ६०० ला पडलेला असेल. न झालेल्या तासांचे पैसे परत नाहीत, असं त्यांच्या कागदावर छापलेलंच आहे.

शिवाय रोजच्या रोज ट्रेनर उभा असण्याची तुम्हाला गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमसास वाढवणारी मध्यम हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. मधुमेहात व्यायामानंतर शरीर साखर अधिक चांगली वापरतं. तो परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून मोठा खंड पडू नये एवढंच पाहायचं. ताकदीचे तीन दिवस बाईंकडे आणि बाकीच्या सकाळी कृषी विद्यापीठाच्या परिसरात चालणं, एवढ्यात भागतं. आणि चालायला फी नाही.

बाईंचा सहा महिन्यांचा खर्च मी असा मांडला: पहिले दोन महिने आठवड्याला तीन तास, म्हणजे २४ तास, १२,००० रुपये. हालचाली अंगवळणी पडल्या की पुढचे दोन महिने आठवड्याला एकच तास, ४,०००. शेवटचे दोन महिने पंधरा दिवसांतून एकदा, नुसती तपासणी आणि पुढची आखणी, २,०००. एकूण १८,०००. तिकडे पॅकेजचे ४८,००० आणि पावडरीचे २७,००० मिळून, जीएसटी न धरताही, ७५,०००. ठेव ६०,००० ची. वरचे १५,००० कुठून आणणार, हे पत्रात नाही. जिमवाले ‘हप्त्यांत करून देतो’ म्हणालेत एवढंच आहे. तो हप्ता म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज असतं. जिम बंद पडली, ट्रेनर पुण्याला निघून गेला, तरी वित्त कंपनी हप्ता तुमच्याच खात्यातून कापत राहते.

या ६०,००० ला तुमच्या घरात वेगळी किंमत आहे. यजमानांच्या दुकानाचं चक्र मला ठाऊक आहे. पेरणीच्या तोंडावर बियाणं-खत उधारीवर जातं आणि सोयाबीन बाजारात आल्यावर दिवाळीच्या आसपास पैसा परत येतो. तोही पाऊस नीट झाला तर. मधल्या चार-पाच महिन्यांत तुमचा पगार सोडला तर हाताशी रोख अशी हीच. मुलीच्या खोलीचं भाडं आणि मेस याच महिन्यांत द्यायची आहे. पुरता ६०,००० चा डाव व्यायामावर लावणं मला पटत नाही, मग ट्रेनर कितीही मोठा असो.

आता खरा प्रश्न, दिसण्याचा. माझ्या धंद्यातलंच सांगतो. गुंतवणूक सल्लागार निवडताना लोक त्याची गाडी बघतात, सेबी या बाजार-नियामकाचा नोंदणी क्रमांक विचारत नाहीत. गाडी कमिशनची आहे की शहाणपणाची, हे गाडीकडे बघून कळत नाही. पिळदार दंडांचंही तसंच आहे. ते शरीर त्या मुलाचं आहे, त्याच्या वयाचं, त्याच्या आईवडलांकडून आलेल्या हाडापेराचं, रोजच्या तीन-चार तासांच्या मेहनतीचं. त्यामागची शिस्त खरी आहे आणि तिचा मान ठेवायलाच हवा. पण स्पर्धेच्या दिवशीचा फोटो हा आठवडाभर पाणी-मीठ तोडून, अंगाला रंग लावून, दिव्यांखाली काढलेला असतो. काही जण त्यासाठी स्टिरॉइडही घेतात. हा मुलगा घेतो असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. मुद्दा एवढाच की त्या शरीरावरून ४३ वर्षांच्या, शुगर असलेल्या, गुडघा दुखणाऱ्या बाईला काय द्यायचं हे त्याला येतं की नाही, ते ठरत नाही.

ते कशावरून ठरतं, हे तुम्ही स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय, फक्त तुमचं तिकडे लक्ष गेलेलं नाही. तरुणाने पहिल्याच दिवशी तुमचं वजन केलं, व्हिडिओ काढला आणि उड्या मारायला लावल्या. गुडघा दुखतो म्हटल्यावर ‘होईल सवय’ म्हणाला. सकाळी साडेपाचला उपाशीपोटी, नुसती काळी कॉफी घेऊन या, असंही सांगितलं. आणि तीन महिन्यांत गोळ्या बंद करून दाखवतो म्हणाला.

बाईंनी काय केलं? हात न टेकता खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं आणि बाजूला उभं राहून तुमचा गुडघा आत वळतो का ते पाहिलं. चपला काढायला लावून तळपाय बघितले, कुठे जखम, कुठे बधिरपणा आहे का विचारलं. गोळ्यांची पाकिटं मागितली, नावं वहीत उतरवली. रक्तदाब मोजला. आणि म्हणाल्या, ‘डॉक्टरांची चिठ्ठी आणा, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, मग वजनं उचलायचं बघू.’ तुम्ही याला ‘उगाच वेळ लावला’ असं लिहिलंय. ताई, ५०० रुपयांचा माल नेमका हाच आहे.

तुमच्या गोळीत मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड आहे. अशी गोळी पोटात असताना उपाशी जोराचा व्यायाम केला तर साखर एकदम खाली येऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चक्कर येऊन पडतो. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल तर श्वास कोंडून जड वजन उचलणं धोक्याचं ठरू शकतं. पाय बधिर असतील तर उड्या मारताना झालेली जखम कळतही नाही. शिकलेला ट्रेनर आधी हे विचारतो. आणि गोळी कमी करायची की बंद, हे फक्त डॉक्टर ठरवतात. तसं वचन देणारा ट्रेनर, त्याच्याकडे भले दहा प्रमाणपत्रं असोत, मी त्याच क्षणी सोडून देईन.

प्रमाणपत्रांचंही बोलू, कारण तिथेही फसगत होते. आपल्याकडे पर्सनल ट्रेनर म्हणवून घ्यायला कायद्याने सक्तीचा परवाना लागत नाही. उद्या मीही पाटी लावू शकतो. म्हणून भिंतीवरच्या चौकटीत काय आहे ते जवळ जाऊन वाचा. स्पर्धेतला सहभाग, एखाद्या दिवसाची कार्यशाळा, पावडरच्या कंपनीने दिलेला कागद, हे सगळं लांबून प्रमाणपत्रासारखंच दिसतं. एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या अमेरिकन संस्थांच्या परीक्षा जगभर मानल्या जातात. त्यांची प्रमाणपत्रं दर दोन-तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागतात, म्हणून तारीख बघा. आपल्याकडे राष्ट्रीय कौशल्य विकास व्यवस्थेत क्रीडा आणि फिटनेस क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, तिचंही फिटनेस ट्रेनरचं प्रमाणपत्र असतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा मोठाच, पण तो खेळाच्या प्रशिक्षकाचा. कबड्डीचा उत्तम कोच मधुमेही माणसाला हाताळायला शिकलेला असेलच असं नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक मागा, संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहता येतो का विचारा. जो खरा असतो त्याला या विचारण्याचा राग येत नाही.

बाईंचं बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, आहे आणि यातलीच एक परीक्षा त्या पास आहेत, प्रमाणपत्र चालू आहे. नुसतं बीपीएड असतं तर मी थोडा थांबलो असतो, कारण त्या शिक्षणाचा भर शाळेतल्या मुलांवर असतो. त्यांच्यातही एक उणीव मला दिसते: सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून श्वास देण्याचं त्यांचं प्रमाणपत्र गेल्या वर्षीच संपलंय. ते नव्याने करून घ्यायला सांगा, संकोच करू नका. बायकांच्या बॅचमध्ये चाळिशी-पन्नाशीच्या दहा-बाराजणी असतात, एकीची तब्येत बिघडली तर पहिली पाच मिनिटं त्याच समोर असतील.

त्यांच्या जाडपणाबद्दल दोन शब्द. दोन बाळंतपणं, पंचेचाळिशी, कदाचित थायरॉइड, कारणं काहीही असतील. तुम्ही इतकी वर्षं गणित शिकवताय. तुमच्या हाताखालून शिष्यवृत्तीला लागलेल्या मुलांच्या आईबापांनी तुमची स्वतःची दहावीची गुणपत्रिका मागितली होती का? शिकवणाऱ्याचा पुरावा शिकलेल्यांत असतो. बाईंच्या बॅचमध्ये वर्षभर टिकलेल्या दोघी-तिघींना गाठा. कितीजणी सोडून गेल्या, कुणाला इजा झाली का, जिना चढणं-उतरणं सोपं झालं का, हे विचारा. हेच त्या तरुणाच्या जिममध्येही विचारता येईल. तो उद्या शिकून, डॉक्टरांची चिठ्ठी मागायला लागला, तर मी त्याच्याबद्दलही वेगळं लिहीन. पिळदार शरीर हा काही दोष नाही.

पावडरीवर फार लिहीत नाही. विकणारा आणि सल्ला देणारा एकच असेल, आणि बिलही देत नसेल, तर सल्ल्यावर भरवसा ठेवू नये. मधुमेहात मूत्रपिंड तपासल्याशिवाय प्रथिनं बेसुमार वाढवायची नसतात, म्हणून आधी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करून घ्या. नंतर डॉक्टर हो म्हणाले तरी तुरीची डाळ, हरभरा, दही, अंडी आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. पुढे कधी डबा घ्यावाच लागला तर त्यावरचा एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि पक्कं बिल, दोन्ही बघूनच घ्या.

तुम्ही जोडलेल्या जिमच्या कोटेशनवर १८ टक्के जीएसटी धरलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवांवर ५ टक्के लागतो. ४८,००० वर हा फरक ६,२४० रुपयांचा आहे. तिकडे जाणार नसाल तरी हे त्यांच्या लक्षात आणून द्या, इतरांचे पैसे वाचतील. टोकन म्हणून दिलेले २,००० परत मागा, लेखी मागा. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापलं म्हणजे ग्राहकाचा हक्क संपला असं होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्याय्य करारांनाही आव्हान देता येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच समोरचा बोलायला तयार होतो.

तर ठेव सुटली की असं करा. ३,००० रुपये तपासण्यांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना. ३,००० चांगल्या बुटांना आणि घरी सरावासाठी रबरी पट्ट्यांना, यात काटकसर नको. बाईंना एका वेळी एकाच महिन्याचे द्या, १२ तासांचे ६,०००, यूपीआयने, म्हणजे नोंद राहील. वहीच्या पानावर का होईना, किती तास झाले त्यावर दोघींची सही. सहा महिन्यांचे १८,००० धरूनही ३६,००० उरतात. त्यातले १६,००० बचत खात्यात मुलीच्या मेससाठी आणि २०,००० तीन-तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत दिवाळीपर्यंत.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एचबीए१सी पुन्हा करा. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते, त्याआधी करून उपयोग नाही. जोडीला खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते आज मोजून ठेवा आणि तेव्हा पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तर बाईंशी मोकळेपणाने बोला आणि पुढच्या महिन्याचे पैसे थांबवा.

यजमानांनाही रक्तदाब आहे असं शेवटच्या ओळीत लिहिलंय. बाई दोघांना मिळून तासाला ७०० घेतात, म्हणजे माणशी ३५० पडतात. दुकान उघडायच्या आधीची वेळ मिळत असेल तर विचारून बघा. मात्र त्यांचीही डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी लागेल, आणि ७०० चा भाव धरला तर वरचा हिशेब पहिल्या दोन महिन्यांत ४,८०० ने वाढेल. तो मुलीच्या मेसच्या पैशांतून काढू नका, मुदत ठेव तेवढी लहान करा.