मेथिओनिन मोजूनच घाल

भाऊ, मका-सोयापेंडीच्या खाद्यात ब्रॉयलरला सगळ्यात आधी कमी पडतं ते मेथिओनिन, मग लायसीन; दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक. म्हणून टनाला साधारण २ किलो डीएल-मेथिओनिन (बाजारात मिळणारी मेथिओनिनची पावडर) घालतात. पण ‘दोनाने वाढतात, तर चाराने दुप्पट’ असला हिशोब करू नकोस. अमिनो आम्लांत जास्तीचं सगळ्यात कमी सोसतं ते हेच; पक्षी खाणं सोडतात, वजन अडतं. नवा असताना मी पावडर थेट मिक्सरात ओतली होती; ती सगळीकडे सारखी मिसळली नाही. एकाच शेडमध्ये काही पिल्लं तरारलेली, काही पिसं विस्कटून कोपऱ्यात. आता आधी पाच-दहा किलो भरड्यात हाताने कालवतो, मगच मिक्सर. आणि हो, लायसीन ज्या रूपात विकत मिळतं त्या लायसीन हायड्रोक्लोराइडच्या पिशवीत खरं लायसीन सुमारे ७८ टक्केच असतं. प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणात) ही दोन्ही आधीच किती घातलीत, ते लेबलवर बघ.